मासेवाल्याला लाल दिसत नाही

पाऊस पडू की नको अशा विचारात दुपारपासून नुसता रेंगाळत होता, आणि चष्म्याच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. दुकानाचे मालक काका गल्ल्यामागे बसल्या बसल्या पेंगत होते. ते खरं तर कुणाचेच काका नव्हते, पण सगळा रस्ता त्यांना काकाच म्हणायचा. आणि ती आतल्या खोलीत भिंगांची पेटी पुसून लावत होती. लोकांच्या चष्म्याचे नंबर काढणं हे तिचं काम, आणि तिला ते मनापासून आवडायचं. माणसं डोळे चोळत आत येतात आणि "अरेच्चा!" म्हणत बाहेर पडतात. अशी नोकरी आणखी कुठे मिळणार?

दार ढकलून एक तरुण आत आला. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात चष्म्याची काडी. एका पायात हिरवा मोजा, दुसऱ्या पायात विटकरी.

"काडी निखळली," तो म्हणाला.

"दिसतंय," ती आतल्या खोलीतून बाहेर येत म्हणाली.

"मला नाही दिसत. म्हणूनच तर आलो."

गिऱ्हाइकांशी हसत-खिदळत बसायची तिची पद्धत नव्हती, पण हसू फुटलंच. त्याला काउंटरसमोरच्या स्टुलावर बसवून ती मोहरीएवढा स्क्रू शोधायला लागली. त्याने खिशातून फोन काढला आणि नाकाला टेकेल इतक्या जवळ धरला.

"जवळचं दिसतं," त्याने खुलासा केला. कुणी विचारलं नव्हतं तरी.

स्क्रू शोधता शोधता तिची नजर त्या फोनवर गेली. कसलासा खेळ होता. कोपऱ्यात जाळं, हिरव्यागार शेवाळाने भरलेली पाण्याची टाकी, आणि त्यात मासे… लालभडक, गुबगुबीत, नुसता सुळसुळाट. आणि हा गृहस्थ मात्र घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा करून बघत होता.

"इतके मासे आहेत," तिला राहवेना, "पकडायचे असतात ना? मग एकालाही हात का लावत नाही?"

"कुठेयत मासे?" तो खिन्नपणे म्हणाला. "मेले सगळे. परत एकदा."

"चेष्टा करताय माझी?"

"मासे मेल्यावर कोण चेष्टा करेल हो?"

तिने काउंटरवरून वाकून एका माशावर बोट टेकवलं. "मग हा कोण?"

टप् असा बारीकसा आवाज झाला आणि मासा जाळ्यात जाऊन पडला. तो फोनकडे बघत राहिला. मग तिच्याकडे, डोळे बारीक करून.

"…पुन्हा एकदा करा."

तिने दुसरा पकडला. तिसरा पकडला.

"जादू करता की काय तुम्ही?"

"छे. मी नंबर काढते," ती म्हणाली. "या आत."

आतल्या खोलीत जाईपर्यंत त्याने खेळाची सगळी कुळकथा सांगून टाकली. खेळ त्याने स्वतः बनवला होता, एकट्याने, घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून. टाकीत मासे सोडायचे आणि दिसेल त्याला पकडायचं. जे सुटतील त्यांना पिल्लं होणार. पिल्लू थोडं आईवर, थोडं बापावर, आणि थोडं आपल्याच मनाने. पिढ्यांमागून पिढ्या जातात तसे मासे लपण्यात तरबेज होत जातात. खेळाची मजा तीच. फक्त त्याच्या टाकीत दर वेळी काही पिढ्यांनी मासे नाहीसेच व्हायचे. चूक कुठे आहे ते कितीतरी महिने तो शोधत होता. आता तर डोकंही दुखायला लागलं होतं.

तिने कपाटातून रंगीत ठिपक्यांचं पुस्तक काढलं. पहिल्या पानावरचा आकडा त्याने झटक्यात वाचला.

"इथे?"

"ठिपके."

"आणि या पानावर?"

"आणखी ठिपके." तो जरा वाकला. "छान आहेत."

तिने पुस्तक मिटलं. असं सांगायची वेळ तिच्यावर अनेकदा आली होती, पण या माणसाला सांगताना उगाचच जीभ जड झाली.

"तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत," ती म्हणाली. "काळजीचं काही नाही. जन्मापासूनच असतं हे, बऱ्याच जणांना."

बाहेर पावसाचं एकदाचं ठरलं आणि पागोळ्या वाजायला लागल्या.

"म्हणून ताई माझ्या रंगीत खडूंवर नावं लिहायची," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, सगळ्यांच्याच ताया लिहितात."

"आणि रस्त्यावरचा सिग्नल?"

"वरचा दिवा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं. त्यात रंग कशाला बघायचा?"

"आणि मोजे?"

त्याने पायांकडे पाहिलं. "का? काय झालं मोज्यांना?"

"काही नाही," ती घाईघाईने म्हणाली.

पण तो आता मोज्यांच्या पलीकडे पोचला होता. "थांबा, थांबा. म्हणजे मासे मेले नव्हते?"

"नाही. हिरव्या शेवाळात लाल झाले. मला ते उठून दिसतात, तुम्हाला दिसत नाहीत. ते सगळ्यांपासून नाही, फक्त तुमच्यापासून लपायला शिकले."

"आणि मी वेडा दर वेळी टाकी रिकामी करून नवे मासे सोडत होतो! चांगले जिवंत, हुशार मासे!" आणि तो हसायला लागला. असा हसला, की बाहेर काका दचकून जागे झाले.

"कुणाला झालाय एवढा आनंद?"

"यांना लाल दिसत नाही, काका."

"अरे वा," म्हणून काका पुन्हा झोपले.

तिने काडी बसवून चष्मा त्याच्या हातात दिला. त्याने तो डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा तिला नीट पाहिलं. "तुम्ही भेटला नसता तर हा खेळ मी टाकूनच दिला असता," तो म्हणाला, इतक्या साधेपणाने, की तिचे कान तापले, गाल तापले, मान तापली. तिला ती खोड लहानपणापासूनची. जरा काही झालं की चेहरा लालबुंद. आता हा बघणार, आता काहीतरी बोलणार… पण तो शांतपणे तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काडी मस्त बसली."

त्याने पाहिलं आणि सभ्यपणे सोडून दिलं, असं तिने ठरवलं. माणूस भला आहे, हेही तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढच्या आठवड्यात काडी पुन्हा निखळली.

त्याच्या पुढच्याही आठवड्यात. तिने स्क्रू बदलला, तरी ढिला पडला. मग आट्यांवर चिकट द्रवाचा थेंब सोडला. तो एकदा वाळला की स्क्रू म्हणून हलत नाही. या वेळी काडी जरा जास्त दिवस टिकली, पण शेवटी निखळलीच.

"या फ्रेममध्येच काहीतरी खोट आहे," ती वैतागून म्हणाली.

"खोट आहे खरी," काका वर्तमानपत्राआडून म्हणाले. "फ्रेममध्ये नाही."

काकांच्या बोलण्याकडे लक्ष द्यायची दुकानात पद्धत नव्हती.

स्क्रू आवळायला असा कितीसा वेळ लागतो? पण ती भिंगंही पुसून द्यायची, नाकावरच्या गाद्याही नीट करायची, आणि तोवर मासे काय म्हणतात ते विचारायची. तो तिला चष्मेवाली म्हणायला लागला आणि ती त्याला मासेवाला. त्याने खेळ तिच्या फोनवरही घालून दिला. तिच्या टाकीत शेवाळ नव्हतं, रंगीबेरंगी पाचोळा होता. लाल, हिरवी, पिवळी पानं, सगळा नुसता काला. ती मन लावून मासे पकडायची, आणि एके दिवशी तिचीही टाकी रिकामी झाली.

"आता माझे मेले," तिने फोन पुढे केला.

त्याने नुसतं पाहिलं आणि बोट ठेवलं. टप्. "हा एक. त्या कोपऱ्यात दुसरा. हा बघा, चांगला लठ्ठ."

"अहो, पण तिथे नुसती पानं आहेत!"

"तुम्हाला रंग दिसतात ना, म्हणून तुम्ही रंगांतच अडकता," तो म्हणाला. "मला सगळं एकाच रंगाचं दिसतं, मग आकार तेवढा उरतो. तुमचे मासे तुमच्यापासून लपलेत. माझ्यापासून नाही."

त्याचं बोट तिच्या बोटाशेजारी काचेवर होतं. जरा सरकलं असतं तर लागलं असतं. सरकलं नाही. ती पुन्हा लाल झाली, आणि त्याने पुन्हा सभ्यपणे सोडून दिलं. या सभ्यपणाचा तिला आता थोडा राग यायला लागला होता.

घरी एकदा जेवताना ती बोलून गेली, "आज मासेवाला आला होता."

"मग घ्यायचे नाहीत का?" आई म्हणाली. "ताजे होते?"

"अगं, तसा मासेवाला नाही. त्याचे मासे फोनमध्ये असतात."

आईने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्या चेहऱ्यावर काय दिसलं असेल ते सांगायला नकोच.

"हं," आई म्हणाली. "म्हणजे खायचे नाहीत तर. बोलव एकदा घरी. बघू तरी, भाव काय लावतो ते."

आणि अशातच दुसऱ्या शहरातल्या डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलमधून फोन आला. लहान मुलांची नजर तपासण्याचा वेगळा विभाग, शिकायला खूप, आणि तिला हवं होतं तेच काम. तिने केव्हाचा अर्ज करून ठेवला होता आणि आशा सोडून दिली होती. आई आनंदाने रडली. काकांनी नुसतं डोक्यावर हात ठेवला आणि नंतर बराच वेळ काचेचं कपाट पुसत बसले, जे स्वच्छच होतं.

ती जाणार होती. त्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. पण मासेवाल्याने एकदा, फक्त एकदा, "जाऊ नका" म्हणावं असं तिला फार वाटत होतं. ती थांबली नसतीच. पण त्याने म्हणावं. तो काहीच बोलला नाही, तर ती तिकडे जाऊन मुलांची नजर तपासेल, आणि कुणाच्याही चष्म्याची काडी निखळली की तोच आठवेल, आणि ते कुणाला सांगताही येणार नाही.

तिने त्याला सांगितलं तेव्हा तो फोनमध्ये टाकीचं काहीतरी दाखवत होता. त्याचं बोट मध्येच थांबलं.

"वा," तो म्हणाला. मग चष्मा काढून शर्टाने पुसला, पुन्हा घातला. "वा! छानच की. अभिनंदन."

"एवढंच?"

"खूप खूप अभिनंदन?"

तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं, गाल पेटले, नाकाचा शेंडासुद्धा लाल झाला. तो थेट तिच्याकडे बघत होता. सगळं बघून-सवरून हा माणूस नुसता उभा राहतो? मग याच्या मनात काहीच नसणार, अगदी काहीच. तिने चष्म्याची पेटी खाडकन मिटली आणि आत निघून गेली.

"पोरी," तो गेल्यावर काका म्हणाले, "इतकी लाल झाली होतीस, की रस्त्यावर उभी केली असती तर गाड्या थांबल्या असत्या."

"त्याला काय त्याचं?" ती आतूनच फणकारली.

तिला आवाज फक्त वर्तमानपत्राची घडी मोडल्याचा आला.

दुकानातल्या तिच्या शेवटच्या दिवशी पाऊस संथ लागला होता. कुणाला कुठे जायची घाई नसावी तसा. तिने भिंगांची पेटी शेवटची पुसली, ठिपक्यांचं पुस्तक कपाटात ठेवलं. ती बाहेर आली तर दारात तो. केस ओले, एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात काडी.

"फ्रेम बदला आता," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "उद्यापासून मी नाही."

"नको. हीच बरी आहे." तो स्टुलावर बसला. "जाण्याआधी एक दाखवायचं होतं. नवी टाकी केली आहे. जोडीची."

"जोडीची म्हणजे?"

"एकाच टाकीत दोघांनी मासे पकडायचे. त्या पाचोळ्याच्या दिवसानंतर तुम्ही तुमच्या फोनवरून पकडत होता ना, ती हीच टाकी. सांगितलं नव्हतं तुम्हाला, पण दुसऱ्या बाजूने मी होतो." तो अडखळला. "तुम्हाला दिसणार नाहीत ते मी पकडायचो, मला दिसणार नाहीत ते तुम्ही. मासे लपणार कुठे? तर बघा, गेल्या दोन दिवसांत काय झालं…"

तो घाईने खिशातून फोन काढायला गेला, आणि फोनबरोबर आणखी काहीतरी बाहेर आलं, काचेच्या काउंटरवर पडलं आणि घरंगळत तिच्या बोटांशी येऊन थांबलं. लाल मुठीचा, इवलासा स्क्रूड्रायव्हर. असाच तिच्या खणात होता.

तिने तो उचलला. "हे काय?"

"…पेन."

"पेन?"

"छोटं पेन."

तिने स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं, काडीकडे पाहिलं. मग हळूहळू सगळे आठवडे तिच्या डोळ्यांसमोर एका रांगेत येऊन उभे राहिले.

"तुम्ही स्वतः काढत होता काडी? दर वेळी?"

"पहिल्यांदा खरंच निखळली होती! शपथ!"

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर… मेहनत करावी लागली. तुम्ही तो चिकट थेंब टाकलात ना, तेव्हा फार त्रास झाला. बोट सोललं."

सबंध शहराचे नंबर काढणारी ती, आणि नाकासमोरचा स्क्रू तिला दिसला नव्हता. हसावं की चिडावं तेच कळेना. "मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? 'अभिनंदन' म्हणे!"

"मला वाटलं, तुमच्या मनात तसलं काही नाही." तो खाली बघून बोलत होता. "गोष्टींत लिहितात ना, ती लाजली, तिचे गाल आरक्त झाले… मी दर आठवड्याला बघायचो हो. नीट बघायचो. तुमचे गाल आपले आहेत तसेच. एकदाही काही झालं नाही. म्हटलं, बिचारी कामात आहे, आपण कशाला—"

वर्तमानपत्राआडून काकांना जोराचा ठसका लागला.

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हिनेच त्याला आत नेलं, हिनेच पुस्तक उघडलं, हिनेच निदान केलं. आणि इतके दिवस हीच त्याच्यासमोर लाल होऊन त्याच्यावर रुसत बसली होती!

"मासेवाले," ती बोटांच्या फटीतून म्हणाली, "तुम्हाला लाल दिसत नाही."

"हो, ते तर तुम्हीच मला…"

तो थांबला. आतल्या खोलीतून बाहेर पडताना लोकांचा चेहरा जसा होतो, अगदी तसाच त्याचा झाला.

"अरेच्चा," तो म्हणाला. मग, "म्हणजे… त्या पहिल्या दिवशीही?"

"त्याही दिवशी."

"आणि पाचोळ्यातले मासे दाखवले तेव्हा?"

"कानांपर्यंत."

"आणि आत्ता?"

"विचारू नका."

काका उठले. "पाऊस किती झाला बघून येतो," असं कुणालाही न सांगता सांगून ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून.

काउंटरवर त्याचा फोन उजळलेलाच होता. तिने टाकीत पाहिलं. मासे पाचोळ्याआड नव्हते, पानांच्या रंगाचेही नव्हते. निळे, पांढरे, पट्ट्यांचे, कसलेही. सगळी टाकी भरून उघड्यावर सुळसुळत होते, आणि बोट जवळ नेलं की पाण्यात रेघ उमटावी तसे पळत होते.

"लपून उपयोग नाही हे त्यांना कळलं," तो म्हणाला. "मग लपणंच सोडून दिलं. हेच दाखवायला आलो होतो. आणि हे बघून मलाही जरा… पण धीर खिशातच राहिला, त्या पेनाबरोबर."

ती हसली. हसता हसता डोळे भरून आले, आणि आता तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "ते काम मला हवं आहे."

"जायलाच हवं. मी 'जाऊ नकोस' म्हणणार नाही." तो म्हणाला, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं हे त्याच्याही लक्षात आलं नाही. तिच्या आलं. "माझं काय, माझं दुकान खिशात मावतं. जेवणाचं टेबल तिकडेही मिळेल की. येऊ?"

"ये," ती म्हणाली. "पण आधी घरी ये. आईला भाव विचारायचा आहे."

"कसला भाव?"

"कळेल."

तो बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, ठिपक्यांच्या पानाकडे बघितलं होतं तसाच, काहीतरी सापडेल म्हणून. "मला कधीच नाही दिसणार हे," तो जरा खट्टू होऊन म्हणाला. "तू लाजलीस हे सगळ्या जगाला कळणार, आणि मला नाही."

तिने काउंटरवरून त्याचा हात ओढला, तो सोललेल्या बोटाचा, आणि त्याची मागची बाजू आपल्या गालाला लावली, ताप बघतात तशी.

"गरम आहे," तो चकित होऊन म्हणाला.

"हं," ती म्हणाली. "लाल असं असतं."